मापही त्यांचेच, मालही त्यांचाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात लघुउद्योजकांसाठी अधूनमधून जे मार्गदर्शनपर लेखन येते, त्यात ऑनलाइन जाहिरातीविषयी एक विधान हमखास असते : छापील जाहिरातीचा किंवा रस्त्यावरच्या फलकाचा परिणाम मोजता येत नाही, ऑनलाइन जाहिरातीत मात्र प्रत्येक रुपयाचा हिशेब मिळतो. असे विधान एका वृत्तपत्राने छापावे यातली गंमत बाजूला ठेवतो. मी बँकेत ३४ वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला गृहस्थ असून, माझी पत्नी आणि सूनबाई दादरला फराळाचा जो छोटा व्यवसाय चालवतात, त्याची वही गेली पाच वर्षे लिहितो. माझा आक्षेप ‘हिशेब’ या शब्दाला आहे. आम्ही बँकेत ज्याला हिशेब म्हणत असू, त्याला दोन बाजू असत आणि त्या दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेल्या असूनही संध्याकाळी त्यांचा ताळा जुळावा लागे. ऑनलाइन जाहिरातीत जे हाती येते, ते जाहिरातीची जागा विकणाऱ्याने स्वतःच्या विक्रीचा परिणाम स्वतःच मोजून दिलेले पत्रक असते.

गेल्या दिवाळीची गोष्ट सांगतो. वसुबारसेच्या आधीच्या चार आठवड्यांत आम्ही ऑनलाइन जाहिरातींवर ४२,००० रुपये खर्च केले. त्यावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा. जाहिराती दोन ठिकाणी होत्या, एक शोधयंत्रावर आणि दुसरी समाजमाध्यमावर, आणि त्या चालवण्याचे काम एका एजन्सीकडे दिले होते. भाऊबीज उलटल्यावर एजन्सीचा तरुण प्रतिनिधी रंगीत आलेखांची फाइल घेऊन घरी आला. पहिल्या ठिकाणाहून ११८ कन्व्हर्जन (म्हणजे जाहिरातीमुळे आल्या असे मानलेल्या ऑर्डरी), दुसऱ्या ठिकाणाहून ९७, एकूण २१५. म्हणजे एका ऑर्डरीमागे जाहिरातीचा खर्च साधारण १९५ रुपये. बाराशे रुपयांच्या डब्यामागे इतका खर्च अगदीच किरकोळ आहे असे सांगून, पुढच्या वर्षी बजेट दुप्पट करण्याचा सल्ला देऊन आणि चकलीची तारीफ करून तो गेला. रात्री मी वही उघडली. त्या चार आठवड्यांत संकेतस्थळावर आलेल्या सगळ्या ऑर्डरींची बेरीज १६४ होती. आमची कुठलीच जाहिरात न पाहता, शेजारणीने पाठवलेल्या लिंकवरून आलेली गिऱ्हाइकेही त्या १६४ मध्येच होती. पातेल्यात चार लिटर दूध असताना दोन गवळ्यांनी मिळून सव्वापाच लिटर घातल्याचे बिल द्यावे, तसा हा प्रकार झाला.

यात कुणी खोटे लिहिले होते असे मात्र नाही, आणि म्हणूनच हे पत्र लिहावेसे वाटले. ही मोजणी कशी होते हे मी सूनबाईकडून समजून घेतले. गिऱ्हाईक जाहिरातीवर क्लिक करते तेव्हा आपल्या संकेतस्थळाच्या पत्त्यामागे अक्षरे आणि अंक यांचे एक लांबलचक शेपूट जोडले जाते. गूगलच्या जाहिरातींत या खुणेला ‘जीसीएलआयडी’ म्हणतात. ती खूण गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाच्या लहानशा नोंदीत साठवली जाते, आणि पुढे त्याने ऑर्डर दिली की ‘आपली ऑर्डर मिळाली, धन्यवाद’ या पानावर बसवलेला कोड ती खूण जाहिरात कंपनीकडे परत पाठवतो. खुणा जुळल्या की एक कन्व्हर्जन नोंदले जाते. क्लिक आणि ऑर्डर यांच्यामध्ये किती दिवस गेलेले चालतील याची मुदतही ठरलेली असते. आपण बदलली नाही तर गूगलकडे ती ३० दिवसांची असते, आणि फेसबुक चालवणाऱ्या मेटाकडे क्लिक केल्यापासून ७ दिवस व जाहिरात नुसती नजरेखालून गेली असल्यास १ दिवस. आता समजा, सोमवारी एखाद्या बाईंनी समाजमाध्यमावर आमच्या अनारशांची जाहिरात पाहून ती उघडली, गुरुवारी शोधयंत्रावर ‘दादर दिवाळी फराळ’ असे शोधून तिथल्या जाहिरातीवर क्लिक केले आणि ऑर्डर दिली. ‘धन्यवाद’ पानावर दोन्ही कंपन्यांचे कोड आहेत, दोघांच्याही खुणा जुळतात आणि दोघेही आपापल्या नियमाने बरोबर मोजतात. दोघांच्या वह्या एकमेकांना कधी दाखवल्याच जात नाहीत, त्यामुळे आमच्या एका डब्याचे तिकडे दोन डबे झाले.

‘नजरेखालून गेली’ म्हणजे काय, हाही बघण्यासारखा भाग आहे. जाहिरात दिसली असे केव्हा म्हणावे याचा अमेरिकेतील मीडिया रेटिंग कौन्सिलने घालून दिलेला आणि या धंद्यात सर्वत्र सांगितला जाणारा निकष असा आहे की, स्थिर जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर असला की पुरे. चलचित्र असेल तर दोन सेकंद. लोकलमध्ये दाराशी उभा राहून अंगठ्याने पडदा वर सरकवणाऱ्या माणसाच्या बाबतीत एक सेकंद म्हणजे काय, हे मुंबईकर वाचकांना सांगायला नको.

बँकेतल्या माणसाला याहून जास्त खटकले ते पुढचेच. एका सोमवारी डॅशबोर्डवर, म्हणजे जाहिरातीचे आकडे दाखवणाऱ्या पानावर, पाहिले तेव्हा मागच्या गुरुवारच्या खात्यावर ६ ऑर्डरी दिसत होत्या, त्याच गुरुवारच्या खात्यावर बुधवारी ९ दिसू लागल्या. मला वाटले काही बिघाड आहे. बिघाड नव्हता. नेहमीच्या रकान्यात ऑर्डर ज्या दिवशी आली त्या तारखेला न नोंदता, ज्या क्लिकमुळे ती आली असे मानले जाते त्या क्लिकच्या तारखेला मागे जाऊन नोंदण्याची पद्धत आहे. बंद झालेल्या दिवसाच्या रोजकीर्दीत मागून नोंदी घालणाऱ्या कारकुनाला आमच्या वेळी मेमो मिळत असे. शिवाय ऑर्डरींचे आकडे अपूर्णांकात येतात. एकाच गिऱ्हाइकाने तीन जाहिरातींवर क्लिक केले असेल तर श्रेय त्या तिघींत वाटले जाते. श्रेयवाटणीच्या ज्या साध्या, कागदावर पडताळता येतील अशा चार पद्धती गूगलकडे होत्या, त्या २०२३ मध्ये बंद झाल्या. उरल्या दोनच : सगळे श्रेय शेवटच्या क्लिकला, किंवा यंत्र ठरवील ती वाटणी. आणि जिथे कुकी नसल्यामुळे खूण जुळवताच येत नाही, तिथे उपलब्ध नोंदींवरून अंदाज बांधून तो आकडा मूळ आकड्यात मिसळला जातो. अंदाज करण्याला माझी हरकत नाही, अर्थसंकल्पही अंदाजच असतो. पण अंदाजाच्या रकमेवर ‘अंदाजे’ असे लिहायचे असते.

आता परत आमच्या १६४ ऑर्डरींकडे. त्यातल्या १९ कॅश ऑन डिलिव्हरीच्या होत्या आणि दारावरून परत आल्या. कुरिअरवाल्यांच्या भाषेत याला ‘आरटीओ’ म्हणतात. कुरिअरच्या पत्रकात पहिल्यांदा ‘आरटीओ १९’ असे वाचले तेव्हा टेम्पोचे पासिंग राहिले की काय असे मला वाटले होते. परत आलेल्या डब्यांतल्या चकल्यांचा चुरा आम्ही कार्तिकी एकादशी होऊन गेली तरी चहाबरोबर खात होतो. डॅशबोर्डवर मात्र त्या १९ ऑर्डरी आजही यशस्वी कन्व्हर्जन म्हणून झळकत आहेत, कारण कोडाचे काम ‘धन्यवाद’ पानाशी संपते आणि पैसे आले की नाही हे कुणी मुद्दाम कळवल्याखेरीज त्याला समजत नाही. उरल्या १४५. ही नावे मी आदल्या वर्षीच्या वहीशी ताडून पाहिली, तेव्हा ६१ जण आमची जुनीच गिऱ्हाइके निघाली. नवी माणसे ८४. बेचाळीस हजार भागिले ८४ म्हणजे बरोबर ५०० रुपये. एजन्सीचे १९५ आणि माझे ५०० यांपैकी एकही आकडा खोटा नाही, परंतु बाराशेच्या डब्यात तूप, सुकामेवा, मजुरी, खोके आणि कुरिअर जाऊन जेवढे उरते, त्यात पहिला आकडा बसतो आणि दुसरा बसत नाही. बजेट दुप्पट करावे की नाही हा प्रश्न या दोन आकड्यांच्या मधल्या ३०५ रुपयांत अडकलेला आहे.

जुन्या ६१ गिऱ्हाइकांपैकी एक पार्ल्याच्या काकू आहेत. नऊ वर्षे त्या आमच्याकडूनच करंज्या नेतात. आमच्या दुकानाचे नाव त्या मोबाइलवर बोलून शोधतात, पहिल्या ओळीत आमच्याच नावाची जाहिरात येते, खाली दुसऱ्या ओळीत आमचेच संकेतस्थळ फुकट दिसत असते. काकू अर्थातच पहिल्या ओळीवर बोट ठेवतात, आम्हाला क्लिकचे पैसे पडतात आणि एजन्सीच्या पत्रकात एक कन्व्हर्जन वाढते. अशी ऑर्डर नेहमी सर्वांत स्वस्त पडते, त्यामुळे पत्रकात ती सर्वांत यशस्वी जाहिरात म्हणून ठळक अक्षरांत येते. घरच्या जावयाला स्टेशनवरून आणून पाहुणा मिळवल्याचे कमिशन मागावे तसे हे आहे. ईबे या मोठ्या कंपनीने आपल्या नावावरच्या अशा जाहिराती काही काळ बंद ठेवून पाहिल्या होत्या, आणि त्या प्रयोगावर ब्लेक, नोस्को आणि टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी लिहिलेला निबंध २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जाहिरात बंद झाल्यावर जवळजवळ सगळी माणसे खालच्या फुकटच्या दुव्यावरून तशीच आत आली, असे त्यांना आढळले. कंपनीचे नाव सोडून इतर शोधशब्दांवरच्या जाहिरातींचा परिणाम नव्या किंवा क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांवर दिसला, नेहमीच्या गिऱ्हाइकांवर नाही. यंदा श्रावणात आम्हीही आमच्या नावावरची जाहिरात दोन आठवडे बंद ठेवली, आणि उपवासाच्या चिवड्याच्या ऑर्डरींत वहीला तरी काही फरक जाणवला नाही. दोन आठवड्यांचा आणि एका दुकानाचा हा अनुभव आहे, त्यावरून नियम काढू नये एवढे मलाही कळते.

एजन्सीचे यावरचे म्हणणेही नोंदवायला हवे. आपण आपल्या नावावर जाहिरात दिली नाही तर त्या नावावर दुसरा कुणी देईल, असे ते म्हणतात, आणि ते खरे आहे. नोंदणीकृत बोधनाम (ट्रेडमार्क) दुसऱ्याच्या जाहिरातीसाठी शोधशब्द म्हणून विकण्याच्या प्रश्नावर दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलच्या प्रकरणात निकाल दिला. असा वापर हा बोधनामाचा वापरच ठरतो आणि गूगलला केवळ तटस्थ मध्यस्थ म्हणवून घेता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण गिऱ्हाइकाची दिशाभूल होत नसेल तर निव्वळ तेवढ्याने हक्कभंग होतो असे मानले नाही. तात्पर्य, स्वतःच्या दारावर स्वतःच्या नावाची पाटी राहावी म्हणून भाडे भरणे काही धंद्यांना भागच पडेल. माझे म्हणणे इतकेच की ते भाडे म्हणून लिहावे, विक्री वाढल्याची कमाई म्हणून लिहू नये.

मोजणी दर वेळी फुगलेलीच असते असा माझा दावा नाही, ती दुसऱ्या बाजूनेही चुकते. ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर, इतर ॲप आणि संकेतस्थळांवर आपला माग काढू द्यायचा का, असे वापरणाऱ्याला विचारायला सुरुवात केली, आणि तिच्या सफारी ब्राउझरने त्याआधीच तिऱ्हाइतांच्या, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज इतरांच्या, कुकी पूर्णपणे अडवल्या होत्या. आमचा बराच फराळ अमेरिकेतल्या मुलाबाळांकडे जातो. न्यू जर्सीतल्या ज्या मुलीने जाहिरात पाहून आईला फोन केला आणि आईने दुकानात येऊन रोख पैसे भरून डबा पाठवला, तिची नोंद कुठल्याही डॅशबोर्डवर नाही. दुकानाच्या दूरध्वनीवर ‘तुमचे ते मोबाइलमध्ये आले होते ना, ते बेसनाचे लाडू’ अशी सुरुवात करणारे आजोबाही तिथे नाहीत. जिथे फोन मोजले जातात, तिथेसुद्धा ठरावीक सेकंदांहून लांब चाललेला फोन म्हणजे कन्व्हर्जन असा हिशेब असतो. भाव विचारून ‘महाग आहे हो’ म्हणत दोन मिनिटे घालवणारे गिऱ्हाईक त्यात बसते आणि ‘दोन किलो शेव, तोच पत्ता’ म्हणून वीस सेकंदांत फोन ठेवणारे बसत नाही.

यावरून मला आमच्या दुकानातला काटा आठवतो. वैधमापन कायद्यानुसार आमच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते आणि त्यावर सरकारी शिक्का असावा लागतो. पाव किलो शंकरपाळे विकणाऱ्याच्या मापात पाप असू शकते हे गृहीत धरून केलेली ही व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. आपल्या वृत्तपत्रालाही खपाचा दाखला स्वतःच्या हाताने लिहून घेता येत नाही. १९४८ साली स्थापन झालेल्या आणि आपल्या मुंबईतच मुख्यालय असलेल्या ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्समध्ये प्रकाशक, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था असे तिघेही बसतात, आणि दर सहा महिन्यांचा खप बाहेरच्या सनदी लेखापालांकडून तपासून घेतला जातो. अशी व्यवस्था असली म्हणजे सगळे निर्मळ होते असे नाही. दूरचित्रवाणीच्या टीआरपीवरून २०२० मध्ये मुंबईत केवढा गदारोळ झाला तो आपण सर्वांनी पाहिला. परंतु तक्रार करायला तिथे एक तिसरी जागा होती. फेसबुकने २०१६ मध्ये मान्य केले की, व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो याचा आकडा ते सुमारे दोन वर्षे फुगवून सांगत होते, कारण भागाकार करताना तीन सेकंदांहून कमी पाहणारे लोक छेदातून वगळले गेले होते. चौथीच्या गणितात सापडावी अशी ही चूक. पण छेद बाहेरच्या कुणाला दिसतच नव्हता.

माझी सूचना मोठी नाही. जाहिरातीचे पैसे घेणाऱ्या कंपनीने ऑर्डरीचा आकडा देताना त्यात प्रत्यक्ष जुळलेल्या खुणा किती, अंदाजाने मिळवलेल्या किती आणि नुसती जाहिरात दिसल्यावरून धरलेल्या किती, हे तीन भाग पहिल्याच पानावर वेगळे दाखवावेत. यातले काही आजही रकाने बदलून काढता येते. पण ते कुठे दडले आहे हे शोधण्याइतका वेळ लाडू वळणाऱ्या बाईकडे नसतो. एजन्सींनी दुकानदाराच्या वहीशी ताळा जुळवल्याशिवाय आणि परत आलेला माल वजा केल्याशिवाय अहवाल देऊ नये. आणि खपासाठी जशी त्रयस्थ तपासणी आहे, तशी आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींच्या मोजणीसाठीही असावी, हा विषय व्यापारी संघटनांनी आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी लावून धरावा.

एजन्सीने यावर सुचवलेला उपाय निराळाच होता : आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या फोन क्रमांकांची यादी जाहिरात कंपनीकडे चढवायची, म्हणजे खुणा अधिक जुळतील. क्रमांक सांकेतिक रूपात जातात असे सांगण्यात आले, आणि ते खरेही आहे. पण पार्ल्याच्या काकूंनी आपला क्रमांक करंज्या घरी पोचाव्यात म्हणून दिला होता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे की ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरावी. मोजमाप नीट व्हावे म्हणून गिऱ्हाइकाच्या मागे आणखी एक पाऊल टाकायचे, हा सौदा आम्ही नाकारला. सूनबाईंचे मत काही दिवस वेगळे होते, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

येत्या दिवाळीसाठी आम्ही साधी पद्धत ठरवली आहे. ऑर्डरीच्या अर्जात ‘आमच्याविषयी कुठून कळले?’ असा एक प्रश्न घातला आहे, आणि दुकानात तोच प्रश्न विचारून वहीत एक जादा रकाना भरायचा आहे. आधी विचार होता की बोरिवली ते मालाड या पट्ट्यात जाहिरात दाखवावी, मुलुंड ते कांजूरमार्ग या पट्ट्यात दाखवू नये, आणि दोन्हीकडच्या ऑर्डरींची गेल्या वर्षीच्या वहीशी तुलना करावी. परंतु मुलुंडचा माणूस दुपारी अंधेरीच्या कचेरीत बसून मोबाइल पाहतो आणि बोरिवलीची मुलगी सुटीत आजीकडे भांडुपला असते. या शहरात माणूस जिथे झोपतो तिथे दिवसा सापडत नाही. म्हणून आता जागेऐवजी दिवसांची विभागणी केली आहे : घटस्थापनेपासून एक आठवडा जाहिरात चालू, एक आठवडा बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. सणाचा जोर शेवटच्या आठवड्यात वाढणार, तेव्हा ही तुलनाही थोडी लंगडी राहील, याची जाणीव आहे. तुळशीचे लग्न झाले की परत आलेले डबे वजा करून दोन्ही पंधरवड्यांची बेरीज आपल्याकडे पाठवीन. एजन्सीचे पत्रकही सोबत जोडीन.

कळावे.

आपला नम्र,
एक वाचक
दादर (पश्चिम), मुंबई